पेटते, पण पटत नाही

शिकागोत थंडी हाताबाहेर गेली की रेल्वेवाले रुळांना आग लावतात. अतिशयोक्ती नाही. मेट्राच्या लोकल जिथे रूळ बदलतात तिथे सांध्यात बर्फ अडकू नये म्हणून रुळांच्या कडेने गॅसच्या ज्वाळा पेटवतात, आणि गाड्या त्यांच्यावरून खुशाल ये-जा करतात. ३० जानेवारी २०१९ रोजी ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे ३१च्या आसपास उतरला होता. तेव्हाचे फोटो बघून मिरजेच्या मामांनी मला फोन केला होता, "दंगल कशावरून झाली रे?"

उघड्यावर, भणाणत्या वाऱ्यात, लोखंडी रुळांना जे जमतं ते यंदा आमच्या बेसमेंटमधल्या, घर तापवणाऱ्या बंदिस्त फर्नेसला जमेना. तेही नेमकं आमचं बाळ कानटोपीतून बाहेर यायच्या आत. बायकोच्या बाळंतपणासाठी आलेली माझी आई दोन स्वेटर, एक शाल आणि वर माझं जॅकेट अशा थाटात वावरत होती. थर्मोस्टॅट ६८ मागत होता, घर ५९वर. खालून घुर्र, टक, भक्क असे आवाज यायचे आणि मग शांतता.

"बंबाला असली थेरं नव्हती," आई म्हणाली. "दोन गोवऱ्या, मूठभर चिपाडं, एक काडी. पेटला म्हणजे पेटला."

इथेच तर फरक आहे. फर्नेसमध्ये कुणाचाच कुणावर विश्वास नाही. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी एक छोटा पंखा आतली हवा बाहेर ओढतो. तो खरंच ओढतोय का, हे प्रेशर स्विच तपासतो. त्याची खात्री पटली तर इग्नायटर तापून लालभडक होतो, मग गॅसची झडप उघडते आणि बर्नर ओळीने पेटतात. इथवर आमच्याकडे सगळं यथासांग होत होतं. काचेच्या भोकातून निळी ज्योत मी पाहिली, बायकोने पाहिली, गुडघे सांभाळत आईनेही पाहिली. पण काही सेकंदांत झडप बंद, आणि पुन्हा पंख्यापासून सुरुवात. अशा थोड्या फेऱ्या झाल्या की फर्नेस रुसून बसायची.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे मेकॅनिकल इंजिनियर आहेत, पण सगळ्यांची हयात कोडिंगमध्ये गेली. त्यामुळे पहिला सल्ला आला, "बंद करून चालू कर." दुसऱ्याने फिल्टर बदलायला सांगितलं, तिसऱ्याने घराबाहेरचा पांढरा पाइप बर्फाने बुजलाय का ते बघायला. हे दोघे मात्र शहाणे. बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं. आमचं नव्हतं. चौथ्याने डोंबिवलीत अजून पंखा लावावा लागतो असं कळवलं. गॅसचा वास येत असता तर यातलं काहीही न करता आम्ही बाळाला घेऊन घराबाहेर पडलो असतो, वास नव्हता. मेकॅनिक गुरुवारी येणार होता, आणि नुसता उंबरा ओलांडायचे त्याचे पैसे वेगळे होते.

आजार काय ते फर्नेस स्वतः सांगते, एक दिवा लुकलुकवून. लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. दार काढलं की सुरक्षेसाठी वीज जाते आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा तक्ता नाही, तक्ता दिसतो तेव्हा दिवा नाही. ही रचना करणाऱ्याने आयुष्यात कधीतरी सरकारी नोकरी केली असणार. शेवटी बायकोने काचेतून लुकलुक मोजली, मी दार काढून वाचलं: ज्योत आढळली नाही.

आढळली नाही! तिघांनी डोळ्यांनी पाहिलेली ज्योत. पण बघायचं काम आमच्याकडे नव्हतंच, ते फ्लेम सेन्सरकडे होतं. हा सेन्सर म्हणजे चिनीमातीच्या बुडातून निघालेली, ज्योतीत टोक धरून बसलेली एक धातूची काडी. ज्योतीतून वीज वाहते हे मला चाळिशीत कळलं. किती, तर अँपिअरच्या दशलक्षांशात मोजावी इतकी. तेवढी पोचली तरच फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाला आग मान्य. वर्षानुवर्षं ज्योतीत बसून काडीवर पांढुरका थर चढतो, वीज पोचेनाशी होते आणि धडधडीत आगीला बोर्ड "नाही" म्हणतो. थोडक्यात, साक्षीदाराला मोतीबिंदू. वैताग आला, तरी बोर्डाचं चूक म्हणवेना. न पेटलेला गॅस बेसमेंटमध्ये साठण्यापेक्षा गारठलेलं घर परवडलं.

वीज तोडली, गॅसचा कॉक फिरवला, एकच स्क्रू काढला आणि काडी हातात आली. टॉर्च धरून उभ्या आईला मी बजावलं, "त्या शेजारच्या इग्नायटरला बोट लावू नकोस हं. ठिसूळ असतो."

"सोवळ्यात आहे म्हण की."

मग मी तिला सांगितलं की गॅसवर घर तापवायच्या फर्नेसचं पेटंट १९१९ साली ॲलिस पार्कर या न्यू जर्सीतल्या कृष्णवर्णीय बाईंनी घेतलं होतं. आईचं फर्नेसबद्दलचं मत त्या क्षणी बदललं. "बाईलाच कळणार ते. पहाटे उठून चूल पेटवायला पुरुष कधी उठलेत?"

काडी घासायला बारीक पॉलिश पेपर हवा होता. तो घरात नव्हता, पण आईने मिरजेहून आणलेली तारेची घासणी होती. इथल्या घासण्यांत दम नसतो, या तिच्या ठाम मतापायी ती बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी बसून आली होती. हलक्या हाताने घासली, पांढरा थर गेला, खालचा धातू चमकला. काडी जागेवर, गॅस सुरू, दार लावलं, वीज चालू. पंखा, लाल इग्नायटर, निळी रांग. झडप बंद व्हायची वेळ आली आणि गेली. मग मोठा ब्लोअर धडधडला आणि वरच्या खोल्यांतून धुळकट गरम हवा वाहू लागली. बायको वरूनच ओरडली, "येतंय, येतंय!"

मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. तिने हात पुढे केला.

"झालं असेल तर ती घासणी दे. तुमच्या नादात अळिवाची खीर बुडाला लागली."