पायाशी बसणारा दोन

रासायनिक सूत्रात अणूंची संख्या दाखवण्यासाठी अक्षराच्या पायाशी बसणारा लहान अंक म्हणजे पादांक; बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने १८१४च्या सुमारास अक्षरचिन्हांची पद्धत मांडली तेव्हा हा अंक अक्षराच्या खांद्यावर होता, १८३४मध्ये लीबिग या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने त्याला खाली उतरवले, आणि त्याची शिक्षा आजचा टंकलेखक भोगतो आहे. वर्डमध्ये कंट्रोल आणि बरोबरीचे चिन्ह एकत्र दाबून पाण्याच्या सूत्रातला दोन खाली बसवता येतो खरा, पण त्याच कळा पुन्हा दाबण्याचे भान राहिले नाही, तर त्याच्यामागोमाग ऑक्सिजन, आणि कधीकधी पुढचे अख्खे वाक्यही, तळघरात जाते. सल्फेट आयनाचे दुखणे निराळेच: चार हा पादांक आणि दोन ऋण हा विद्युतभार एकाच उभ्या रेषेत वरखाली बसवायचे म्हटले, तर वर्डच्या या कळा त्यांना रेशनच्या रांगेत एकामागे एक उभे करतात. लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीची गणिती मांडणी तर प्रत्येक अक्षराला चल राशी समजून तिरके छापते, त्यामुळे संकेतानुसार ताठ उभा राहायला हवा तो हायड्रोजन बीजगणितातल्या अज्ञातासारखा कलतो, आणि त्याला सरळ करण्यासाठी ‘एमएचकेम’ नावाची जोड-आज्ञावली बहुतेकदा बोलवली जाते. एवढे सोसून सजवलेले सूत्र कोणी साध्या संदेशात चिकटवले, की सगळे पादांक निमूटपणे ओळीवर येऊन उभे राहतात, जिथे त्यांना बर्झेलियसनेही ठेवले नव्हते आणि लीबिगनेही.