पासिंग ऑफिसर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाचं पेन्शनवर बरं चाललेलं असतं. छळते ती एकच गोष्ट: आता त्याच्या सहीवाचून कुणाचंच काही अडत नाही. आमच्या सोसायटीतले नाना या जमातीचे शिरोमणी.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ते नानांच्या जुन्या मशीनमध्ये नव्हतं. "चालता कॉम्प्युटर भंगारात घालू?" असं म्हणून नानांनी भाच्याकडून उबुंटू बसवून घेतलं.

आणि गाडी अडली. सेटअप उतरवायचं आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत सुटायचं, एवढंच नानांना ठाऊक. व्हीएलसीच्या एक्सई फाइलवर त्यांनी क्लिकचा मारा केला, ती ढिम्म. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, इथे सॉफ्टवेअर शोधत गावभर हिंडायचं नाही. रिपॉझिटरीतून मागवायचं. टर्मिनल उघडा आणि टाइप करा: सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी."

पासवर्ड मागितला गेला. नाना बडवतायत, पण स्क्रीनवर साधा ठिपका उमटेना. त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. दिवाळीच्या चिवड्यातले दोन पोहे तेवढे पडले. "दिसत नसलं तरी टाइप होतंय, मामा. मागून डोकावणाऱ्याला अक्षरं किती तेही कळू नये, म्हणून." नानांनी आदराने मान डोलावली.

मग कोणकोणती पॅकेजेस येणार, डिस्कवर किती जागा जाणार, याचा तपशील समोर आला. खाली प्रश्न: पुढे जायचं? वाय की एन? नानांनी चष्मा पुसला, यादी ओळीनं तपासली आणि वाय दाबलं. "याला म्हणतात पद्धत! मंजुरीशिवाय पान हलत नाही."

तेव्हापासून नाना लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात, "अपडेटनं नुसती यादी ताजी होते. माल येतो अपग्रेडनं." नातवाला त्यांनी वेगळं खातं दिलंय, अर्थातच सुडोचे अधिकार न देता. परवा त्यानं परस्पर गेम टाकायचा प्रयत्न केला, तर सिस्टिमनं त्याला अडवलं. नाना दिवसभर खुशीत.

आता रोज पूजा आटोपली की नाना टर्मिनल उघडतात. एखाद्या दिवशी 'शून्य अपग्रेड' आलं की उतरल्या चेहऱ्यानं नानींना सांगतात, "आज मंजुरीला काहीच आलं नाही गं."