शेती शिकायचीय? मग फ्लॅट आणा

जर्मनीत जाऊन शाश्वत शेतीत एमएस्सी करायची असेल, तर आधी आपल्याकडे शेती नसावी लागते. म्हणजे असली तरी गुन्हा नाही, पण ती बँकेत काढून दाखवायची नाही.

औशाकडचा एक पोरगा बीएस्सी ॲग्री झाला. त्याच्या बरोबरीची पोरं पुण्यात अभ्यासिकेच्या खुर्चीला महिन्याचं भाडं भरून राज्यसेवेच्या जाहिरातीची वाट बघत बसली आहेत. याला मात्र शेती शिकून शेतीच करायची खोड. प्रवेश मिळाला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते हे कळल्यावर बापानं गावात पेढे वाटले. पेढे संपल्यावर कळलं की व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो आधी एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवायचे असतात. मग त्यातून महिन्याला 992 युरो, आपलेच, आपल्याला मिळतात. दोन वर्षांचा हिशेब, विमा, विमान असं धरत धरत फाइल पंचवीसेक लाखांची झाली.

बापाकडे नऊ एकर काळी जमीन आहे. विहीर आहे, सोयाबीन आणि तूर आहे. बाजारभावानं धरली तर कर्जाच्या कितीतरी पट. तेव्हा बाप सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बँकेत गेला. साहेबांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, म्हणाले. फ्लॅट चालेल. एनए प्लॉट चालेल. मुदतठेव चालेल. शेतजमीन चालत नाही.

"साहेब, पोरगा शेतीच शिकायला चाललाय," बाप म्हणाला.

"कोर्स चालतो हो. जमीन चालत नाही."

आता गंमत बघा. त्याच शाखेत, त्याच पंख्याखाली, दोन टेबलं सोडून पीककर्जाचा बाबू बसतो. त्याला हाच सातबारा चालतो. नुसता चालत नाही, तर त्याच्याशिवाय त्याचं पान हलत नाही. याच बँकेचा बोजा याच सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात दरवर्षी नांदतो आहे. तूर पेरायला ही जमीन चालते. ट्रॅक्टर घ्यायला चालते. विहिरीवर मोटार बसवायला आणि ठिबक अंथरायला चालते. फक्त अजून पन्नास वर्षांनी त्या जमिनीत तूर उगवावी म्हणून काय करायचं, एवढं शिकायला ती चालत नाही. दोन टेबलांच्या मधल्या सहा फुटांत जमिनीची किंमत शून्य होते. एवढी धूप मराठवाड्यात वळवाच्या पावसानंही होत नाही.

साहेबांची बाजूही ऐकली पाहिजे. थकबाकीदार कर्जदाराची मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या कायद्यानं मिळाला. त्यातून शेतजमीन वगळली. हेतू उत्तम होता. शेतकऱ्याची जमीन कुणी पटकन उचलू नये. त्यात आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणजे लिलाव पुकारला तरी बोली लावणार कोण? शेजारचा शेतकरी, ज्याच्या पोराची फाइल याच टेबलावर पडली आहे. सगळे कायदे शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच आहेत. त्याचं इतकं रक्षण झालं आहे की पैसे घेऊन त्याच्या जवळपास कुणी उभं राहत नाही.

पण साहेब मनाचे मोठे. बाप उठायला लागला तेव्हा त्यांनीच हळूच तोडगा सुचवला. "दोन एकर एनए करून घ्या ना!"

केवढी सूचना! जमीन तीच, माती तीच, बांधावरचं लिंबाचं झाडसुद्धा तेच. फक्त तिथं शेती होणार नाही असं सरकारकडून लिहून आणायचं, की बँक तिच्यावर शेती शिकायला पैसे देणार. बाप बिचारा कामाला लागेल. मोजणी येईल. ले-आउट पडेल. तूर उपटून चुन्याच्या रेघा मारल्या जातील, त्यांवर मुरूम पडेल आणि नऊ मीटरचा रस्ता कुठूनही न येता कुठंही न जाता मधोमध उभा राहील. कोपऱ्यात 'ओपन स्पेस' राखून ठेवावी लागेल, कारण सगळी जागाच मोकळी असली तरी कागदावर मोकळी जागा वेगळी दाखवावी लागते. दारात लोखंडी कमान. कमानीवर आजीचं नाव आणि पुढं 'विहार'. लगेच व्हॅल्युएशनवाला येईल आणि जी माती तूर देत होती तेव्हा शून्याची होती, ती गाजरगवत द्यायला लागल्याबरोबर लाखांची ठरेल. कर्ज मंजूर! पोरगा जर्मनीला जाईल, आणि सुपीक जमिनी बांधकामाखाली कशा गडप होतात यावर प्रबंध लिहायला बसेल. प्राध्यापक म्हणतील, एखादं प्रत्यक्ष उदाहरण घे. पोरगा घरी फोन लावेल, आबा, आपल्या विहाराचे चार फोटो पाठवा, आधीचे आणि नंतरचे. प्रबंध पहिल्या श्रेणीत पास होईल. परत येऊन उरलेल्या सात एकरांत तो शाश्वत शेती सुरू करेल, आणि कर्जाचा पहिला हप्ता आला की बँकेतून फोन येईल, अजून दोन एकर एनए करताय का? अशा रीतीनं चार-पाच हप्त्यांत शेती शाश्वतपणे संपेल. शिक्षण मात्र कुणी हिरावून घेऊ शकणार नाही.

हे झालं तारणाचं. उत्पन्नाचं अजून बाकी आहे. सहकर्जदार म्हणून बापाची तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं द्या, असं यादीत लिहिलेलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बापानं जन्मात विवरणपत्र भरलेलं नाही. विवरणपत्र नाही म्हणून उत्पन्न नाही. आडत्याच्या पट्ट्या आहेत, सोयाबीन घातल्याच्या पावत्या आहेत, याच बँकेच्या खात्यावर जमा झालेले पैसे आहेत. ते उत्पन्न नव्हे. ते नुसते पैसे. आणि इथं माझी थट्टा संपते. कारण शहरात असे कितीतरी सद्गृहस्थ आहेत, ज्यांच्या विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न लाखांनी डुलतं. दाखल्यावर शेतकरी, दवाखान्यात डॉक्टर, ऑफिसात बिल्डर. शेत कुठल्या तालुक्यात आहे हे ड्रायव्हरला विचारावं लागतं, पण त्या शेतात असं काही पीक येतं की दवाखान्याची निम्मी कमाई त्यात धुऊन निघते. त्यांच्या पोरांना शिक्षणकर्ज मिळतं, कारण कागद आहेत. ज्यानं उभ्या आयुष्यात शेतीखेरीज दमडी मिळवली नाही, त्याच्या शेतीच्या उत्पन्नाचा पुरावा जगात कुठं नाही, आणि ज्यानं शेतीतून दमडी मिळवली नाही, त्याचा पुरावा सनदी लेखापालाच्या सहीशिक्क्यानिशी तयार आहे. याला व्यवस्था म्हणत असतील, तर दरोडा कशाला म्हणतात ते एकदा साहेबांनी समजावून सांगावं.

राहिला जामीनदार. तो पगारदार हवा. गावात पगारदार म्हणजे झेडपीचे गुरुजी. नऊ एकरवाला, सोळा एकरवाला, दहा बैल पोसलेला, सगळे संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर. गुरुजींची पगारपत्रकाची झेरॉक्स ही त्या गावातली सर्वांत सुपीक जमीन. पण गुरुजी आधीच तीन जणांना जामीन आहेत, त्यांतला एक फरार आहे, आणि गुरुजीण बाईंनी पेन लपवून ठेवलं आहे.

सातबारा बघून माणूस तोलणारी एकच जागा आता शिल्लक राहिली आहे, ती म्हणजे सोयरीक. तिथं शेती लागतेच. नवरा मुलगा नोकरीवाला हवा, पण नावावर जमीन हवी, आणि त्या जमिनीत त्यानं पाऊल टाकू नये ही अट. बँकेचं धोरण ठरवणारा बहुधा उपवर मुलीचा बाप असावा. फरक इतकाच की मुलीचा बाप निदान सातबारा उघडून बघतो.

देशातल्या निवडक संस्थांत शिकणाऱ्यांसाठी केंद्राची विनातारण कर्जाची योजना 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, तिचं कौतुक आहे. ती परदेशी विद्यापीठाला लागू नाही. आणि दरवर्षी वातानुकूलित सभागृहात 'तरुणांनो, शेतीकडे वळा' असं सांगणारे जे पाहुणे असतात, त्यांच्यापैकी एकालाही औशाच्या या पोरानं फोन करून बघितलेला नाही. तेवढं शिक्षण त्याचं बीएस्सीतच झालं आहे.

तेव्हा वाचकांना विनंती. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, व्हिसाची तारीख त्याच्या बरीच आधी मिळवावी लागते. आपल्या नावे शहरात बिनबोजाचा फ्लॅट असेल, सोसायटीचा ना-हरकत दाखला मिळत असेल, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट निघत असेल आणि घरातून सहीला विरोध नसेल, तर या पोराला तारण द्यायला पुढं या. शेतजमीन असणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.