तापला की नमतं घेणारा

ॲम्प्लिफायर कुठे खरखरतोय हे शोधायला गाणं लावून चालत नाही. गाण्यात खरखर गायकाची की यंत्राची, यावर घरात दोन पक्ष पडतात. तिथे साइन वेव्हच हवी. एक्सआर-2206 या चिपला 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की 1000 हर्ट्झचा सूर मिळतो. साइन, त्रिकोणी किंवा चौकोनी, हवा तसा.

सामान आणायला नेरुळहून लॅमिंग्टन रोड. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, त्या नावाने विचारलंत तर दुकानदार तुम्हाला नवखं गिऱ्हाईक समजणार.) हार्बरने कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड. कपॅसिटरपेक्षा वाटेतला वडापाव महाग.

चौकोनी वेव्ह स्पीकरवर सोडली, तर खालच्या काकूंचा इंटरकॉम आला, "अहो, तुमच्याकडचा गॅसचा अलार्म वाजतोय का? वॉचमनला वर पाठवू?" 15,000 हर्ट्झला लेक कानांवर हात ठेवून ओरडते, "बाबा, बंद करा!" आणि मी, काहीच वाजत नाही म्हणून, सोल्डरिंग तपासत बसलेला.

पण माझा खरा जीव वीन ब्रिजवर. साइन वेव्ह काढणाऱ्या या सर्किटला तिपटीची वाढ लागते, अगदी नेमकी. जरा कमी पडली की सूर विझतो; जरा जास्त झाली की लाटेचे माथे सपाट कापले जातात. विल्यम ह्युलेटने स्टॅनफर्डमध्ये यावर एक साधा बल्ब बसवला. सूर चढला की तार तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि सूर आपोआप खाली येतो. त्यातून 1939 साली एचपीचं पहिलं यंत्र निघालं, 200ए. पुढचे आठ 200बी डिस्नेने 'फँटेझिया'साठी घेतले.

तापल्यावर आवाज खाली आणणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की सेक्रेटरी तापतात आणि पाम बीच रोडपर्यंत ऐकू जातात.

तर वाचकहो, माळ्यावर जुन्या यंत्रातला तारेचा बारीक बल्ब सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका, मला द्या. एलईडी मात्र नको. त्यात ती तार नसते.