‘नको’ला कारण लागतं

सुभानपुऱ्यातल्या मराठी घरांत लसीला ‘रसी’ म्हणणाऱ्या काकू अजून भेटतात. बडोद्यात पिढ्या गेल्या, तसे गुजराती शब्द जिभेवर मुरले. गेल्या बुधवारी सोसायटीच्या फाटकाशी अशाच एक काकू भेटल्या. कडेवर नऊ महिने पूर्ण झालेली नात, हातात लसींच्या नोंदीचं ममता कार्ड, आणि निम्म्या वाटेवरून परत. “शरदी झालीय हो हिला. रसी आता पुढच्या महिन्यात.” नात माझा चष्मा ओढून खिदळत होती. नाक वाहत होतं, एवढंच.

कार्डावर गोवर-रुबेलाचा रकाना कोरा राहिला.

सर्दी, खोकला, बारीक ताप, दोन-चार जुलाब, दात येणं, अँटिबायोटिक चालू असणं, कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म. यातलं एकही लस चुकवण्याचं कारण नाही. मागच्या वेळी ताप आला होता, मांडी सुजली होती, हेही नाही. हडकुळ्या मुलाला तर गोवर जास्तच छळतो. त्याची लस आधी व्हायला हवी.

खरी कारणं मोजकी आहेत आणि ती प्रत्येक आईला माहीत हवीत. मागच्या डोसनंतर थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, तर ती लस पुन्हा नाही. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर ७ दिवसांत मेंदूला गंभीर त्रास झाला आणि त्याचं दुसरं कारण सापडलं नाही, तर त्या खोकल्याची लस पुन्हा नाही. आतड्यात आतडं शिरण्याचा आजार होऊन गेला असेल, तर रोटाव्हायरसचे थेंब नाहीत. कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष, बळावलेला एचआयव्ही, दोन आठवडे किंवा जास्त दिलेलं मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड, यातलं काही असेल तर बीसीजी, गोवर-रुबेला, तोंडाचा पोलिओ अशा जिवंत जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. नुकतंच रक्त चढवलं असेल, तर गोवराची लस काही महिने पुढे. मूल सणकून तापलेलं किंवा दवाखान्यात दाखल असेल, तर बरं होईपर्यंत थांबायचं, आणि बरं होताच जायचं.

आणि एका लसीला ‘नको’ म्हणजे सगळ्या लसींना ‘नको’ नव्हे.

लस दिल्यावर नर्सबेननी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची कधी, कार्ड जपून ठेवा. पण सुई टोचण्याआधीचे प्रश्न तितकेच मोलाचे आहेत. मागच्या वेळी काय झालं? मोठा आजार आहे का? कोणतं औषध चालू आहे? गर्दी कितीही असो, हे विचारलंच पाहिजे. घरच्यांनीही नर्सबेन रागावतील म्हणून काही लपवू नये, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथून हलू नये. लस नाकारायची वेळ आलीच, तर कोणती, का आणि कधीपर्यंत, हे कार्डावर लिहून मागावं. तोंडी ‘नको’ घरी पोचेपर्यंत ‘कधीच नको’ होतो.

मुंबईत गोवंडीला २०२२च्या नोव्हेंबरात गोवराने मुलं दगावली. लसीचे डोस राहून गेलेली मुलं तिथे कितीतरी होती. गोवराचा विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांत बसला तर नऊ जणांना गाठतो. सोसायटीची लिफ्ट त्याला पुरते.

त्याच लिफ्टमधून कर्करोगाचे उपचार चालू असलेलं एखादं मूल खाली येतं. त्याचा ‘नको’ खरा आहे, त्याला गोवराची लस घेताच येत नाही. शेजारच्या मुलांना टोचलेली सुई हेच त्याचं संरक्षण. आपण सर्दीच्या नावाखाली एक रकाना कोरा ठेवतो, तेव्हा त्या मुलाच्या वाट्याचं संरक्षणही काढून घेतो.

काकू, येत्या बुधवारी मी सोबत येते. नातीला घेऊन जाऊ, शरदीसकट.