बुटांची बडदास्त

आमचे साडू निवृत्तीनंतर गोल्फ खेळू लागले. खेळ अजून हिरवळीला खड्डे पाडण्यापुरताच आहे, पण बुटांची बडदास्त बघावी! खेळून आले की दारातच पाट मांडून बसतात. जुन्या टूथब्रशने तळाच्या प्लास्टिकच्या खिळ्यांमधली माती, अडकलेली गवताची पाती कोरून काढतात. दाताच्या डॉक्टरनेही इतक्या निगुतीनं कोरू नये. मग कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. वॉशिंग मशीनचं नाव काढायचं नाही. कडक उन्हात कातडं तडकतं, म्हणून वाळवण सावलीत, पंख्याखाली. आतली ओल शोषायला वर्तमानपत्राचे बोळे. भिजले की बदलायचे. परवा मी वाचत असलेला अग्रलेख त्यांनी हातातून काढून घेतला आणि उजव्या बुटात कोंबला. (तिथे तो जास्त उपयोगी पडला, हे कबूल.) शिवाय तीच जोडी लागोपाठ दोन दिवस घालायची नाही. तिला विश्रांती लागते म्हणे!

त्यांच्या बायकोची, म्हणजे ताईंची, चप्पल मात्र अंगठा तुटून गेल्या पावसाळ्यापासून त्याच दारात पडली आहे. साडूभाऊ, खिळे कोरून झाले असतील तर जाता जाता तेवढी मोच्याकडे टाका.