मूळचा रॉकवाला

सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत एक ड्रमर राहतो. ओळख करून देताना पोटापाण्याचं कधी सांगत नाही. "मी रॉक ड्रमर," एवढंच. केस पाठीवर, टी-शर्ट काळा, त्यावरची अक्षरं बाभळीच्या कुंपणासारखी. ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. बाकी जिथे जिथे वाजवतो, ते 'सेशन'. पोरगा सेशनला गेलाय, हे अमळनेरच्या आत्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं घाबरून विचारलं, "माय वं! केस कसानी शे?"

केस तशी गंभीरच. रॉकला पब लागतो आणि गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे 1960 पासून दारूबंदी. त्यामुळे याचा मूळ बँड वाजतो कॅफेत, तोही वर्षातून दोनदा. स्टेजवर मरणाची गाणी, समोर मंडळी स्ट्रॉने कोल्ड कोको ओढतायत. मानधन नाही. टेम्पो सांभाळणं ड्रमरचं काम, म्हणून सामानाच्या टेम्पोचं भाडंही याच्याच गळ्यात.

पाकीट मिळतं ते सेशनला. श्रावणात कानबाईची मिरवणूक, मग गणपतीतला ऑर्केस्ट्रा, मग नवरात्र. नवरात्रात नऊ रात्री हा ऑक्टोपॅडवर. रॉक बहुतेक चार मात्रांत चालतो, गरब्याचा हींच ताल सहाचा. आणि गरबा थांबत नाही. गायिका पाणी पिते, ढोलवाला घाम पुसतो, याला ती सोय नाही. ठेका सुटला की अख्ख्या मैदानाची टाळी चुकते. पहिल्या वर्षी यानं अंबेमाच्या गरब्यात हळूच डबल पेडल घुसवलं. बायकांचं रिंगण विस्कटलं, आयोजक धावत स्टेजवर आले, "भाई, आ शुं मांड्युं छे?" आता तो फक्त नवव्या रात्री, शेवटच्या दोन मिनिटांत घुसवतो. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते तेव्हाच. पण गरब्यात फार छान वाजवतोस, असं त्याला म्हणू नये. दुखावतो.

सेशनमध्ये कमीपणा नाही, हेही तो न विचारता सांगतो. डेव्ह ग्रोलचा स्वतःचा फू फायटर्स होता, तरी 2002 च्या 'साँग्ज फॉर द डेफ'मध्ये दुसऱ्या बँडसाठी ड्रम वाजवलेच की! मी म्हटलं, पंचमच्या गाण्यांत फ्रँको वाझ वाजवायचे, त्यांना कुणी मूळ बँड विचारला का? "ते वेगळं, काका."

वडिलांनी लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्यांत जन्म काढला. रॉक कुठला, गरबा कुठला, त्यांना सारखंच. पण घरी सराव करताना पोरगा लयीत जरा घसरला, की भिंतीपलीकडून आवाज येतो, "धागा तुटना रे!" आणि तुटलेलाच असतो.

गेल्या वैशाखात मूळ बँडला कॅफेची तारीख मिळाली. नेमकी त्याच रात्री पांडेसऱ्यात हळद, आणि पाकीट आधीच घेतलेलं. बँडनं दुसरा ड्रमर आणला. आमचा गडी आठवडाभर कुणाशी बोलला नाही. त्या दुसऱ्या पोराला मी ऐकलं. चांगला वाजवतो. सेशनला आला होता. मूळचा भजनी मंडळातला.